काकांच्या एमजीबीचा डॅशबोर्ड उतरवायच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा. सकाळी गाडी पुसली, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, काका म्हणाले आता लाव जरा, व्हीनस कॉर्नरपर्यंत एक चक्कर मारून येऊ. दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं आणि दहा-पंधरा सेकंदांत स्टिअरिंगच्या मागून धूर. जास्त नाही, उदबत्तीएवढाच, म्हणून मला आधी वाटलं पूजेचाच धूर आहे, पण वास जळक्या वायरचा. चावी बंद केली तरी धूर थांबेना. तेव्हा पोटात गोळा आला, कारण चावी बंद करूनही जळतेय म्हणजे ती वायर थेट बॅटरीवरची, मध्ये ना स्विच ना फ्यूज. सीटच्या मागचं झाकण उघडून बॅटरीची केबल ओढून काढली तेव्हा कुठं थांबलं. काका बाजूच्या सीटवर हातात प्रसाद घेऊन बसून होते, काही बोलले नाहीत.

गाडी कुठली ते आधी लिहून ठेवतो. १९६६ ची एमजीबी रोडस्टर, इंग्लंडात अ‍ॅबिंगडनला बनलेली, १७९८ सीसी, उजव्या हाताचं स्टिअरिंग. गल्लीत कुणाला एमजी म्हटलं की हल्ली हेक्टर आठवते, पण ही ती नव्हे, ही दोन सीटांची, छप्पर कापडी, दार उघडून बसलं की हात रस्त्याला टेकेल इतकी खाली. काकांनी १९७८ मध्ये मुंबईत एका गृहस्थांकडून घेतली आणि स्वतः चालवत कोल्हापुरात आणली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

२०१९ च्या पुरात आमच्या शाहूपुरीत पाणी आलं तेव्हा गाडी खाली शेडमध्येच होती, गिअरबॉक्स उतरवलेला, हलवायला मार्गच नव्हता. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ च्या वर गेलं. सीट पूर्ण पाण्याखाली, डॅशची खालची कड पाण्यात. २०२१ ला परत आलं तेव्हा मात्र आदल्या दिवशीच राजारामपुरीत पाहुण्यांच्या दारात नेऊन लावली होती. इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स सगळं एकेक करून झालं, पण डॅशच्या मागं कुणी हात घातला नव्हता, मी पण नाही. कालच्या धुरानं ते ठरवून टाकलं. डॅशबोर्ड अख्खा बाहेर काढायचा.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ताई ओवाळून, जेवून चार वाजता गेली आणि मी शेड उघडली.

पहिलं काम बॅटरी. या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, सीटच्या मागं एकेका पेटीत, आणि अर्थ पॉझिटिव्ह. म्हणजे बॅटरीची अधिक बाजू बॉडीला. आजच्या सगळ्या गाड्या याच्या उलट असतात. पुरानंतर एका वर्कशॉपला गाडी दिली होती, तिथल्या पोरांनी काही न विचारता नेहमीसारखी बॅटरी जोडली, वजा बाजू बॉडीला. तेव्हापासून आरपीएमचा काटा शून्यावरून उठलेला नाही. मी नंतर परत पॉझिटिव्ह अर्थ केला तरी काटा मेलेलाच. गाडी परत आणली त्या दिवशी बिलावर ‘इलेक्ट्रिकल चेक ओके’ लिहिलेलं होतं, त्याचा राग अजून जात नाही. आता बॅटरीच्या झाकणावर आतून पेंटनं लिहिलंय, ‘बॉडीला अधिक’.

पाने सगळे इंची लागतात. ७/१६ म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यामुळं ११ चा पाना बसतच नाही आणि १२ चा बसवला की नटाच्या कडा गोल. १/२ वर १३ चा बसतो पण ढिला, आणि गंजलेल्या नटावर ढिला पाना म्हणजे नट गेलाच समजायचं. लक्ष्मीपुरीतून इंची सेट आणला, रिंग आणि बॉक्स दोन्ही. जो कुणी असलं काम काढेल त्यानं हा खर्च पहिल्यांदा करावा.

पोरगी आठवीत आहे, तिचा हात बारीक, मीटरच्या मागं माझा पंजा जात नाही तिथं तिचा मनगटापर्यंत जातो. तिला म्हटलं तू फक्त टॉर्च धर, तर म्हणते, “टॉर्च तुम्ही धरा की पप्पा, चिठ्ठ्या मी लावतो.” बरोबर होतं तिचं. मेडिकलमधून पांढरी चिकटपट्टी आणली, प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना तोच नंबर, वहीत नंबरापुढं कुठून निघाली कुठं गेली आणि रंग. आज २३ नंबर झाले.

रंगाचं सांगतो. लुकास म्हणजे या गाडीचं विजेचं सामान बनवणारी इंग्लिश कंपनी, तिची पद्धत एकदा डोक्यात बसली की डॅशच्या मागचं जंगल वाचता येतं. ब्राऊन म्हणजे कायम लाइव्ह. पांढरी चावी फिरवल्यावर लाइव्ह. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम लाइव्ह पण फ्यूजमधून. लाल साइड लॅम्पची, निळी हेडलाइटची, काळी अर्थ. दोन रंगांची असेल तर पट्टीचा रंग पुढचं सांगतो, निळ्यावर पांढरी पट्टी अपर, निळ्यावर लाल पट्टी डिपर. अडचण एवढीच की ५८ वर्षं आणि एक पूर एवढं झाल्यावर ब्राऊन, जांभळी, लाल सगळ्या चहाच्या रंगाच्या झाल्यात. पोरीनंच शोधून काढलं, बुलेट कनेक्टरची (वायरींची गोळीसारखी टोकं जिथं जोडतात त्याची) रबरी नळी मागं सारली की आतली अर्धा इंच वायर अजून नवीकोरी, रंग जसाच्या तसा. मग प्रत्येक ठिकाणी नळी सरकवून बघितलं.

१० नोव्हेंबर

सकाळी सीट काढल्या, त्यानं पाठीला आराम पडला, खाली गादी टाकून उताणं झोपता येतं. दरवाज्यातून वाकून काम करणाऱ्यांनी ते आधीच करावं.

स्टिअरिंग व्हील. मधला नट मोठा आणि घट्ट. तो सैल केला पण पूर्ण काढला नाही, तीन-चार आटे ठेवले आणि मग दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढलं. नट पूर्ण काढून ओढलं असतं तर व्हील सुटून तोंडावरच आलं असतं. काढायच्या आधी व्हील आणि दांडा दोन्हीवर पंचचा ठिपका, परत बसवताना तोच दात यायला पाहिजे. याचं व्हील मोठं आहे, तारांच्या स्पोकचं, हातात धरल्यावर हलकं लागतं.

नंतर कॅसेट प्लेअर. नव्वदच्या आसपास कधीतरी कुणीतरी बसवलेला. रेडिओच्या जागेला झाकण होतं, ते काढून भोक लहान पडलं म्हणून पत्रा चक्क करवतीनं कापलाय, कडा वाकड्या. आणि धुराचं मूळ तिथंच सापडलं. कॅसेटला लाइट कुठून द्यायची म्हणून चावीच्या स्विचमागच्या ब्राऊन वायरीचं आवरण सोलून तिथं दुसरी वायर पिळलेली, वर टेप. टेपचा चिकटपणा उन्हानं कधीच गेलेला, टेप सरकून खाली आलेली, आणि उघडी तार डॅशच्या आतल्या पत्र्याच्या पट्टीला टेकलेली. पट्टीवर जळका काळा डाग, नखाएवढा. या गाडीत फ्यूज मोजून दोन आहेत आणि ब्राऊन त्या दोन्हींच्या आधीची. थेट बॅटरी. दसऱ्याला केबल काढायला अजून अर्धा मिनिट लागला असता तर काय झालं असतं ते मला नीट माहिती आहे, कारण त्याच वायरींच्या जुडग्याच्या मागं चार इंचांवर कापडी छपराचा जुना तुकडा कोंबलेला सापडला, आवाज येऊ नये म्हणून कुणीतरी घातलेला.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “कॅसेट मीच बसवून घेतली होती रे. सांगली रोडला गाणी ऐकत जायचो.” मग थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, “काढून टाक ते.”

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे घाटावर दीपोत्सवाला सगळे गेलो, नदीवर धुकं आणि पायऱ्यांवर पणत्या. परत येऊन कंपनीत. गाडीला हात लावला नाही, फक्त रात्री जाऊन पाण्याच्या टेंपरेचर मीटरच्या नळीच्या नटावर डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून चार थेंब सोडले. त्याचं पुढं लिहितो.

१७ नोव्हेंबर

आजचा दिवस एकाच नटावर गेला.

या गाडीत ऑइल प्रेशर आणि पाण्याचं टेंपरेचर एकाच गोल मीटरमध्ये आहे, वर एक काटा खाली एक. टेंपरेचरचा भाग विजेवर नाही. मीटरमधून एक केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते, बल्कहेडमधल्या (इंजिन आणि सीटांच्या मधली पत्र्याची भिंत) रबरातून इंजिनकडं जाते, टोकाला पितळी बल्ब, तो बल्ब इंजिनाच्या हेडमध्ये पुढच्या बाजूला पाण्यात बुडालेला. नळीत इथर भरून कायमची बंद केलेली. बल्ब तापला की दाब वाढतो, दाबानं काटा हलतो. नळी कुठंही चिरली किंवा दुमडून मोडली की इथर उडून जातो आणि मीटर संपला. म्हणजे डॅश काढायचा तर आधी इंजिनमधून बल्ब सुटला पाहिजे, नळी सुखरूप बाहेर ओढता आली पाहिजे, आणि मगच मीटर हलवायचा. नळी कापून ‘नंतर जोडू’ असं या कामात नसतंच.

नट सुटेना. नळी नटाच्या मधून जाते त्यामुळं बॉक्स पाना वरून घालता येत नाही, उघडा पाना लावायचा, आणि उघड्या पान्यानं जोर केला की कडा झिजतात. आणि नट फिरला पण त्याच्याबरोबर बल्ब फिरला तर नळीला पीळ बसतो, एक-दोन पीळ म्हणजे तुटली. अर्धा तास बघत बसलो नुसता.

शेवटी वायरमन मामांना बोलावलं. मामा सत्तरीचे, आयुष्य अ‍ॅम्बॅसेडरवर गेलं त्यांचं. अ‍ॅम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन आणि हे इंजिन एकाच घरातलं, बीएमसी या इंग्लिश कंपनीची बी सिरीज, हे फक्त मोठं भावंड. मामांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि म्हणाले, “ह्यो नट वळखीचा हाय.” पाना बाजूला ठेवला. लहान हातोडीनं नटाच्या सहाही बाजूंवर टक टक टक, जोरात नाही, दारावर बोटानं वाजवावं तसं, एक फेरी झाली की डिझेलचे दोन थेंब, परत फेरी. असं पंधरा मिनिटं. म्हणाले, “आज न्हाई सुटायचा. रोज सकाळी-संध्याकाळी असंच करा, जोर करायचा न्हाई. बुधवारी येतो.”

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सात वाजता मत देऊन आलो, मामा पण बोटाला शाई लावूनच आले.

रेडिएटरचं पाणी आधीच काढलेलं. पेट्रोलची लाइन बंद, बाजूला पाण्याची बादली, आणि कंपनीतून आणलेली हीट गन. नळीवर ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे उष्णता नटाला मिळेल, नळीला नाही. तीन-चार मिनिटं नट तापवला. मामांनी डाव्या हाताच्या चिमटीत नळी धरली, अगदी नटाच्या वर, उजव्या हातानं पाना. मला म्हणाले, “मी नळी बघतो, तुमी माझा हात बघा. नळी फिरली की वरडा.” पाना किंचित दाबला. काहीच नाही. मग उलट घट्ट करायच्या बाजूला एवढासा, मग परत सोडायच्या बाजूला. आणि एक कुर्र असा आवाज आला, गंज तुटल्याचा, नट हलला आणि नळी जिथल्या तिथं. मी श्वास रोखून धरलेला ते तेव्हा कळलं.

बल्ब बाहेर काढायला अजून एक तास, पांढरट खारानं धरून ठेवलेला, लाकडी काडीनं खार खरडत खरडत डावी-उजवी करत आला. पूर्ण नळी वेटोळं करून मीटरपाशी टांगून ठेवली, वेटोळं ताटाएवढं मोठं, लहान केलं तर दुमडेल. मामांना पैसे विचारले तर म्हणाले गाडी तयार झाल्यावर रंकाळ्याला एक फेरी मारा. तेवढंच घेणार म्हणाले, आणि चहा.

२४ नोव्हेंबर

आज मीटर. प्रत्येक मीटर मागून एका पट्टीनं आणि हातानं फिरवायच्या दातेरी नटांनी धरलेला, नट सुटले की मीटर पुढून बाहेर येतो. पोरीनं सगळे नट काढले, मी पुढून मीटर झेलले. काचेच्या आत कडेला गाळाची रेघ, पिवळसर मातीची, स्पीडोमीटरमध्ये १० च्या आकड्याखालून गेलेली. पूर बरोबर इथंपर्यंत आला होता. पाच वर्षं आम्ही बाहेरून काच पुसत होतो आणि आत ती रेघ तशीच.

पेट्रोलच्या मीटरचं एक जुनं कोडं सुटलं. काका कायम डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवायचे, कारण काटा पाव टाकी दाखवत असतानाच गाडी बंद पडायची. डॅशच्या मागं एक काडेपेटीएवढी डबी आहे, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत द्विधातूची पट्टी, ती तापून-गार होऊन करंट चालू-बंद करत राहते आणि सरासरी १० व्होल्ट मीटरला देते. पण त्या डबीला अर्थ नीट पाहिजे. अर्थ नसेल तर पट्टी तापतच नाही, बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मीटरला जातं आणि काटा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. डबीचा स्क्रू काढला, खाली पत्र्यावर रंगाचा जाड थर आणि गंज. कधीतरी कुणीतरी आतून रंग मारला आणि डबी रंगावरच बसवली. म्हणजे तो कॅन चाळीस वर्षं एका स्क्रूखालच्या रंगामुळं डिकीत होता.

आरपीएम मीटर. मागं एक प्लॅस्टिकचा ठोकळा, त्याभोवती पांढऱ्या वायरीचा एक वेढा. इग्निशन कॉइलचा करंट त्या वेढ्यातून जातो, प्रत्येक ठिणगीचा ठोका मीटर त्यातून मोजतो. वेढ्याची दिशा महत्त्वाची, उलटी असेल तर काटा हलत नाही. फोटो काढून ठेवलेल्या आकृतीशी ताडून बघितलं तर आमचा वेढा उलटा. वर्कशॉपनं अर्थ बदलला तेव्हा कुणीतरी काटा हलावा म्हणून वेढा फिरवून बघितला असणार, मी अर्थ परत केला, वेढा तसाच राहिला. म्हणजे मीटर कदाचित जिवंत आहे. टेबलावर लावून बघेपर्यंत काही बोलत नाही, पण आज रात्री झोप लवकर लागणार नाही.

शेवटी ऑइल प्रेशरची नळी, आणि इथं मी आधी चूक केली. मीटरच्या मागं नळी जोडणारा जो पितळी युनियन नट होता तो कंपनीचा नाही हे लगेच दिसलं, लेथवर केलेला, टूलच्या बारीक रेघा अजून दिसतात, षटकोनाच्या कडा कानशीनं मारलेल्या. सोडवला तर आत चामड्याची वायसर. काळी, तेल पिऊन मऊ झालेली, चार आण्यापेक्षा लहान, मध्ये भोक. मी बायकोला म्हटलं बघ, कुणीतरी चपलेचं चामडं कापून बसवलंय, असल्या इंजिनाच्या ऑइल लाइनला. वहीत लिहिलं, ‘देशी युनियन आणि चामड्याची वायसर, दोन्ही टाकून नवीन मागवणे’.

१ डिसेंबर

काका आले. काठी घेऊन शेडपर्यंत चालत आले, वय ८२. टेबलावर मीटर मांडलेले बघितले, एकेक हातात घेतला. तो पितळी नट उचलला आणि लगेच ओळखला.

सांगत होते, रत्नागिरीला चालले होते, आंबा घाटाच्या अलीकडं डाव्या पायावर काहीतरी गरम ठिबकायला लागलं. खाली बघितलं तर ऑइल. मीटरच्या मागचा जुना नट चिरला होता. इंजिन बंद करून गाडी उतारावर परत फिरवली, पुढं ट्रकला बांधून मलकापूर, तिथून कसंबसं कोल्हापूर. इंग्लंडहून नट यायला महिने लागले असते, आयातीचा परवाना वगैरे सगळं. शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्रींकडं गेले, ऑइल इंजिनाचं काम करायचे ते. मेस्त्रींनी चिरलेला नट बोटांत फिरवून बघितला, आटे मोजले, काकांना म्हणाले बसा. पितळेच्या दांड्यातून दीड तासात नवा नट. आणि वायसर तुटली होती ती दाखवून म्हणाले ही चामड्याची आहे, चामड्याचीच बसवायची, सुभाषनगरातून चामडं घेऊन या, पण बाभळीच्या सालीत कमावलेलं, क्रोमचं नको. काका सायकलवर जाऊन घेऊन आले.

मी ऐकून आत गेलो आणि पार्ट्सची आकृती परत नीट बघितली. ऑइल गेजच्या पाइपसमोर स्पष्ट लिहिलंय, वायसर, चामडं. कंपनीनंच अ‍ॅबिंगडनमध्ये चामड्याची वायसर बसवली होती. मला जो जुगाड वाटला तेच बरोबर होतं, आणि मेस्त्रींनी आकृती न बघता फक्त तुटका तुकडा बघून ते ओळखलं. आणि ज्या काळ्या टेपनं गुंडाळलेल्या वायरी मला पहिल्या दिवशी सरळ, नीटनेटक्या आणि मूळच्या वाटल्या होत्या तिथूनच धूर निघाला होता. वहीतली आधीची ओळ खोडली. पितळी नट आहे तसाच परत बसणार, साबणाच्या पाण्यानं धुवून.

त्या नटाला हात लावला तर अजून कडा बोटाला लागतात, कुठं झीज नाही. चाळीस वर्षांत एक थेंब गळला नाही त्यातून.

८ डिसेंबर

आज निघाला.

राहिलेलं सकाळी उरकलं. चोक केबल, हीटरची बटणं (बटणाच्या मानेत बारीक भोक असतं, त्यात तार खुपसून आतली पिन दाबायची आणि बटण ओढायचं, जोर करून ओढलं तर फुटतं, एक फुटलं, माझ्याच हातून), वॉशरचा हातपंप, टॉगल स्विच. स्विचच्या चकतीला खाचा आहेत, त्याला पाना नव्हता म्हणून जुना बॉक्स पाना कानशीनं घासून दोन दात काढले, चांगला झाला.

स्टिअरिंग कॉलम डॅशखालच्या ब्रॅकेटमधून सोडून खाली टेकवला. खालच्या कडेचे स्क्रू निघाले. मग वरच्या कडेचे नट, जे पूर्ण कामात सगळ्यात वाईट. डॅशच्या वरच्या कडेला स्टड आहेत, ते काचेखालच्या पत्र्यातून जातात आणि नट आतून, खालून वर बघत लावायचे-काढायचे. डोकं पेडलपाशी, पाय मागच्या पेटीवर, तोंडावर गंज पडतोय, लांब एक्स्टेंशन, बॉक्स पाना, आणि पोरगी वरून काचेतून सांगतेय, “जरा डावीकडं, अजून, हां लागला.” एकेक नट दहा मिनिटं. एक स्टड नटासकट फिरायला लागला, तो पत्र्याच्या बाजूनं पकडीनं धरून सोडवला. शेवटचा नट माझ्या गालावर पडला.

मग मी उजवीकडून, बायको डावीकडून, पोरगी मध्ये वायरी भोकांतून सोडत. डॅश अर्धा इंच पुढं आला आणि अडकला. सगळे थांबलो. पोरीनं टॉर्च मारून बघितलं, एक काळी अर्थ वायर राहिलेली, नंबर नसलेली, कॅसेटवाल्यानं वाढवलेली. सोडली. आणि मग तो अख्खा पत्रा आमच्या हातात, विचार केला त्यापेक्षा हलका. सतरंजीवर उपडा ठेवला.

मागं काय होतं ते लिहितो. बल्कहेडच्या कोपऱ्यात गाळ, वाळून ढेकूळ झालेला, दोन मुठी भरतील एवढा. त्यात एक वाळलेलं आंब्याचं पान. डाव्या बाजूला काचेखाली गंजानं पत्रा चाळणी झालाय, हाताच्या पंजाएवढी जागा, तिथं पत्र्याचं काम येणार, आणि ते डॅश काढल्याशिवाय कुणालाच दिसलं नसतं. उजवी बाजू घट्ट. वायरींच्या जुडग्याचा मधला भाग ठीक, टोकं खराब. पूर्ण नवं हार्नेस मागवायचं नाही असं ठरवलं, खराब टोकं तेवढी बदलायची, त्याच रंगाच्या वायरीनं, बुलेट दाबून आणि डाख देऊन. वहीत शेवटचा नंबर ६१.

१५ डिसेंबर

काल दत्त जयंती, नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो. आज दिवसभर शेड.

डॅशवर तीन थर रंग निघाले. वर काळा चकचकीत ऑइलपेंट, खाली लाकडासारखं दिसणारं चिकटवलेलं सनमाईका, त्याच्या गोंदाखाली मूळचा काळा सुरकुत्यांचा रंग, बोट फिरवलं की खरखरीत लागतो. मूळ रंग उजव्या कडेला तळहाताएवढा शाबूत. तो भाग मोजून, फोटो काढून ठेवला, नवीन सुरकुत्यांचा रंग त्याच्याशी जुळवून घेणार. कॅसेटसाठी कापलेल्या भोकाला उद्यमनगरात पत्रा बसवून, गॅसनं जोडून, घासून सपाट करून देतो म्हणालेत, शुक्रवारी न्यायचं.

आरपीएम मीटर टेबलावर लावला. बॅटरीची अधिक बाजू मीटरच्या डब्याला, वेढा आकृतीप्रमाणं सरळ केला, आणि स्कूटरच्या कॉइलवर मामांनी हातानं ठोके दिले. काटा थरथरला, मग ५०० च्या पुढं गेला. पोरगी ओरडलीच. मी काकांना व्हिडिओ पाठवला.

संध्याकाळी सुभाषनगरात गेलो. एका चपलेच्या कारागिरांना जुनी वायसर दाखवली, त्यांनी तळव्याच्या चामड्याचा तुकडा काढला, नखानं दाबून बघितला, हा नको म्हणाले, दुसरा काढला. पंचनं बाहेरचा गोल, लहान पंचनं मधलं भोक, तीन वायसरी कापून दिल्या. कितीचं म्हटलं तर हसले, एवढ्याशा तुकड्याचे पैसे घेत नाही म्हणाले, मग मी घरातल्या तिघांच्या चपला घेतल्या. वायसरी आता वाटीत इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवल्यात, देवघराच्या शेजारच्या फळीवर, आणि वाटीवर पोरीनं चिकटपट्टी लावून नंबर टाकलाय, ६२.